यशोधराबाईंचं वाक्य

शोकसभेला आलेली माणसं आधी डोळे पुसतात आणि थोड्याच वेळात हसायला लागतात, हे यशोधराबाईंनी पूर्वीही पाहिलं होतं. आज फरक एवढाच, की गेलेला माणूस त्यांचा नवरा होता.

रामबागेतल्या हॉलमध्ये प्रतापरावांचा फोटो खुर्चीवर मांडला होता. गाल रंगवलेले, डोक्याला मंदील, कमरेला लाकडी तलवार. घरातला एकही फोटो नाट्यमंडळातल्या लोकांना पसंत पडला नव्हता. होळकरांच्या राज्यात कारकुनीला चिकटलेले आणि मध्य प्रदेश झाल्यावरही ट्रेझरीतल्या त्याच टेबलाशी राहिलेले प्रतापराव इंदूरच्या मराठी माणसांना नाटकातला राजा म्हणूनच ठाऊक होते. आता राजाला चष्मा कसा चालणार?

एकेक जण उठून बोलत होता.

"भर दरबारात याची मिशी सुटली ना भिया," एक जण सांगत होता, "तर यानं ती सरळ प्रधानाच्या हातावर ठेवली. म्हणाला, प्रधानजी, ही खजिन्यात जमा करा! पब्लिक एकदम पागल!"

सरोजिनी, प्रतापरावांची मुलगी, म्हणाली, "नाना मला पाढे शिकवायचे तेसुद्धा खलनायकाच्या आवाजात. अजून तेराचा पाढा म्हटला की भीती वाटते." सगळे हसले. यशोधराबाई हसल्या नाहीत. त्यांच्याजवळही एक आठवण होती, पण ती त्या इथे कुणाला देणार नव्हत्या.

वर्षापूर्वी प्रतापरावांना अर्धांगवायू झाला आणि वाचाच गेली. पाणी हवं असलं तरी नुसते डोळे फिरवायचे. एक दिवस बाबूराव भेटायला आले. विंगेत उभं राहून प्रतापरावांना वाक्यं पुरवण्यात या माणसाचा जन्म गेला होता. काय बोलावं सुचेना, म्हणून सवयीनं त्यांनी राजाच्या भाषणाचे पहिले दोन शब्द पुटपुटले, आणि प्रतापरावांनी अख्खं भाषण न अडखळता म्हणून दाखवलं. यशोधराबाई हातात पळी घेऊन दारातच रडल्या.

मग बाबूरावांनी नाटकांच्या जुन्या वह्या आणून दिल्या. बाई राणीची वाक्यं वाचायच्या, नवरा उत्तर द्यायचा. आमटीत मीठ कमी आहे, यापलीकडे बायकोशी जन्मात न बोललेला माणूस आता रोज तिला 'प्रिये' म्हणत होता. आधी आधी बाईंना लाजल्यासारखंही व्हायचं. पण वही मिटली की प्रतापराव गप्प. पुढे पुढे बाईंना त्या राणीचा राग यायला लागला. "एकदा माझ्याशी बोला हो," त्या विनवायच्या. "तुमचं तुम्ही. एकच वाक्य बोला."

ते वाक्य शेवटच्या दुपारी आलं. वही उघडलेली नव्हती. बाई चादर बदलून त्यांचे पाय चेपत होत्या. प्रतापराव स्पष्ट म्हणाले, "बैस आता घटकाभर. फार दमलीस माझ्यापायी."

ही राजाची भाषा नव्हती, घरातली होती. बाईंनी त्यांचा हात छातीशी धरला आणि पोटभर रडून घेतलं. प्रतापराव त्यांच्याकडे एकटक बघत राहिले. दिवेलागणीला ते गेले.

बाबूराव समाचाराला आले, तेव्हा बाईंनी त्यांना वाक्य सांगून भीत भीत विचारलं, "हे कुठल्या नाटकातलं तर नाही ना?"

"नाही वहिनी. सगळी नाटकं मला पाठ आहेत. हे त्याचं स्वतःचं."

त्या एका वाक्यावर बाईंनी तेरा दिवस काढले होते.

आता लक्ष्मीकांत मास्तर उठले. आज डोक्यावर एक केस नाही, पण तरुणपणी मंडळाच्या नाटकांतल्या सगळ्या नायिका तेच करायचे. "एक नाटक तुम्हा कुणाला मालूमच नसेल," ते म्हणाले. "प्रतापचं लग्न व्हायचं होतं तेव्हाचं. इथं जवळच, हातोद गावात केलं होतं. सामाजिक. एकच प्रयोग झाला, पब्लिकनं उचललंच नाही. हा आजारी नवरा, मी बायको. मी पाय चेपत बसलोय, आणि प्रताप म्हणतो," मास्तरांचा आवाज हळू झाला, "'बैस आता घटकाभर. फार दमलीस माझ्यापायी.' काय बोलला होता! मी स्टेजवर खरंखुरं रडलो."

हॉलमधून "वा" उमटली. यशोधराबाईंनी बाबूरावांकडे पाहिलं. ते मान खाली घालून टोपी मुडपत बसले होते.

बाई खुर्चीला धरून उठल्या. वहिनी दोन शब्द बोलणार, असं वाटून सगळे त्यांच्याकडे वळून बसले.

"मास्तर, पुढचं वाक्य काय होतं?"

"पुढचं? ते तर माझं होतं, वहिनी. बायकोचं."

"तेच विचारतेय."

मास्तरांनी कपाळ चोळलं. त्यांना आठवेना. तेव्हा बाबूरावांनी मान वर न करता, विंगेतून द्यायचे त्याच दबक्या आवाजात वाक्य दिलं, "मी बसते. तुम्ही निजा आता निवांत."

"हां, बरोबर!" मास्तर म्हणाले. "मी एवढं बोललो की हा डोळे मिटायचा. मग पडदा."

यशोधराबाई फोटोकडे बघत राहिल्या.

"दुपारपासून दिवेलागणीपर्यंत डोळे मिटले नाहीत हो त्यांनी," त्या म्हणाल्या. "माझ्या वाक्याची वाट बघत होते. आणि मी नुसती रडत बसले."