अण्णांचा उजवा कान

गेल्या वर्षी तामलवाडीत आमच्या नव्या घराचं काम संपत आलं होतं. हॉलच्या छताला पीओपी चालू असताना वायरमन म्हणाला, "छतात स्पीकर बसवायचे असतील तर आत्ताच सांगा. रंग लागल्यावर फोडाफोडी होते." बायकोला कल्पना आवडली. लोंबत्या वायरी नकोत, कपाटावर धूळ खात पडलेले खोके नकोत. निवड करायला मी वडिलांना, म्हणजे अण्णांना, सोलापूरला सोबत नेलं.

त्याला कारण होतं. अण्णांनी पंचवीस वर्षं लग्नांना आणि सप्त्यांना लाउडस्पीकर भाड्यानं दिला होता. स्वतः झाडावर चढून भोंगा बांधायचा, मग मांडवात मशीनजवळ बसून आवाज जुळवायचा. आवाज कुठं फाटतो, कुठं घुमतो, हे त्यांच्याइतकं आमच्या भागात कुणाला कळत नव्हतं.

दुकानदार गाणं लावायला गेला तर अण्णांनी त्याला थांबवलं.

"गाणं मागनं. आधी कुणाचं तर बोलणं लावा. बोलणं साफ आलं की गाणं येतंयच."

त्यानं बातम्या लावल्या. एक जोडी "नाकात बोलतीया" म्हणून बाद झाली, दुसरी "रांजणात तोंड घातल्यागत" म्हणून. तिसरी पसंत पडली. दुकानदार कौतुकानं हसला. मलाही बरं वाटलं.

मग त्यानं अण्णांना मधल्या खुर्चीत बसवलं. "आता गाणं ऐका. पेटी डावीकडून येईल, बासरी उजवीकडून."

अण्णा डोळे मिटून ऐकत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "समदं डावीकडनंच येतंय. उजवा बंद हाय तुमचा."

दुकानदार स्टुलावर चढला, उजव्या स्पीकरला कान लावला आणि माझ्याकडं बघितलं. मला बासरी उजवीकडून अगदी स्वच्छ येत होती. अण्णांनी डोळे उघडले, आमच्या दोघांची तोंडं पाहिली आणि आपला कानच उघडा पडला हे त्यांना कळलं. फोन कायम डाव्या कानाला का, टीव्ही बघताना तिरकं का बसायचं, हे सगळं मी आजवर सवय म्हणून सोडून दिलं होतं.

दुकानदार मोठा समजूतदार. काही न विचारता त्यानं एक वेगळा स्पीकर काढला. "यात दोन्ही बाजूंचा आवाज एकातूनच येतो. कुठंही बसा, सगळं ऐकू येतं."

अण्णांनी तो हातात घेतला, उलटापालटा करून बघितला. "आमच्या भोंग्यातनं बी समदं एकातनंच यायचं," ते म्हणाले. तोच घेतला.

परतताना गाडीत मी विचारलं, "कधीपासून, अण्णा?"

"लई वर्सं झाली. मांडवात स्पीकरचा बॉक्स उजव्या कानाशीच असायचा."

"सांगितलं का नाही तुम्ही?"

"स्पीकरवाल्याला ऐकू येत न्हाय म्हणल्यावर सुपारी कोण देतंय?"

"धंदा बंद करूनही बारा वर्षं झाली की."

ते खिडकीबाहेर बघत हळू आवाजात म्हणाले, "मग एवढी वर्सं लपवलेलं सांगायची लाज वाटाया लागली." मी गाडी सावकाश चालवत राहिलो.

घरी वायरमनचा हट्ट होता की एकच स्पीकर असेल तर तो छताच्या बरोबर मध्ये हवा. अण्णांनी दिवाण कुठं येणार ते विचारलं आणि तिथून डाव्या हाताला, दोन हातांवर पेन्सिलनं खूण करायला लावली. "तुमचं डिझाईन बिघडतंय व्हय?" त्यांनी सुनेला विचारलं. छताचा नकाशा तिनंच काढला होता. "बिघडू द्या," ती म्हणाली आणि त्या खुणेवर येणारा दिवा दुसरीकडं सरकवायला सांगितला.

पुढच्याच आठवड्यात आम्ही कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. यंत्रानं थोडा फरक पडेल असं ते म्हणाले. अण्णांचा अजून होकार नाही, मी घाई करत नाही. पण कुणाचं बोलणं नीट आलं नाही तर पूर्वी ते नुसती मान हलवायचे. आता सरळ म्हणतात, "ह्या बाजूनं बोल रं, तिकडनं न्हाय ऐकू येत."