बॅगेतली एम.ए.

लॅमिनेशनच्या गरम प्लास्टिकचा वास आला, की मला बेसा भागातल्या एका शाळेच्या ऑफिसातली माझी मुलाखत आठवते. तिच्या आदल्या आठवड्यात मी मनीषनगरच्या दवाखान्यात रिसेप्शनिस्टच्या कामासाठी गेले होते, तर डॉक्टर म्हणाले, "एम.ए. झालेली पोरगी इथं टिकत नाही, आम्हाले बारावीवालीच बरी." म्हणून शाळेत क्लार्कच्या जागेसाठी मी फक्त बारावी सांगितली. मुख्याध्यापिका बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "आम्हाले ग्रॅज्युएट पाहिजे वं." कूलर घरघरत होता, आणि बाबांनी कौतुकानं लॅमिनेट करून आणलेली माझी एम.ए.ची डिग्री मांडीवरच्या बॅगेतच होती. मी ती काढून टेबलावर ठेवली. बाई एकदा डिग्रीकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. "मंग लपवून काहून ठेवली होती?" मी दवाखान्यातली गोष्ट सांगितली. त्या खळखळून हसल्या, म्हणाल्या, "सोमवारपासून ये." घरी बाबांनी दारातच विचारलं, "डिग्री कामात आली ना, बेटा?" मी हो म्हटलं. आता मी त्याच ऑफिसात बसते, पण कामात डिग्री आली की दवाखान्यातली ती गोष्ट, माझं ते हो खरं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही.