समोरच्या डोंगरावरचा गुग्गुळ

गुलमंडीच्या बाजारात एखाद्या दुकानातून गुग्गुळाच्या धुपाचा वास आला, की अजून माझे पाय भरून येतात. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे तेव्हा गुग्गुळाचं झुडूप रानात कुठं उरलंय ते शोधत मी दौलताबादेकडचा एक डोंगर तुडवला. शेवटी शेळ्या राखणारे आजोबा भेटले.

“हितं व्हतं, आता नाय. त्या समोरच्या डोंगराला लई हाय.”

उन्हात खोरं उतरून समोरचा डोंगर चढले. तिथं सरपण वेचणाऱ्या बाईनं मी आले त्याच डोंगराकडं बोट केलं.

“हितं कुठलं, बाई? त्या समोरच्या डोंगराला लई हाय.”

तेव्हा मी खडकावर बसून पोटभर हसले.

काल घरी आलेल्या नव्या प्राध्यापिकेनं विचारलं, “मॅडम, आपल्याकडं गुग्गुळ उरलाय का?”

कंटाळून म्हणाले, “समोरच्या डोंगराला लई हाय.”

तिनं लगेच बूट चढवले.