पथारीवरचं साटं

आमच्या दाजींनी मला आजवर जितके धक्के दिले आहेत, तितके आमच्या जिल्ह्यातल्या एकाही रस्त्याने दिलेले नाहीत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कळसाडीला त्यांची कापसाची आणि उसाची शेती आहे, दोन मुली आहेत आणि एक पांढरी अँबॅसिडर आहे. हा क्रम माझा. त्यांना विचाराल तर ते उलटीकडून सुरुवात करतील आणि शेतीपर्यंत पोचता पोचता तुमची शेवटची बस निघून जाईल. ही गाडी त्यांनी एका सरकारी खात्याच्या लिलावातून आणली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातलेली होती. ताईला वाटलं, नवऱ्याने कोंबडी आणली, फक्त खुराडं जरा मोठं घेतलं. गाडीच खरी वस्तू आहे आणि कोंबडी सोबत आली आहे, हे कळल्यावर ती ओट्यावर जी बसली ती चहालाच उठली.

गाडी आल्यापासून त्या घरात काय कुठे सापडेल याचा नेम राहिला नाही. मी एकदा ताईकडे गेले असता वरण टाकायला तुरीच्या डाळीचा डबा उघडला, तर वाटीत डाळीबरोबर बेअरिंग आलं. मी किंचाळले. दाजी पेपर वाचत होते. मान वर न करता अहिराणीत म्हणाले, "डाळमा कोरडं ऱ्हास. गंजत नही." तांदळाच्या कोठीत पिस्टन होता. फराळाच्या ज्या कढईत आम्ही वर्षानुवर्षे शंकरपाळे तळले, तिच्यात घासलेटात बुडवून ठेवलेला कार्बोरेटर मी या डोळ्यांनी पाहिला आहे. ताई ओरडायची, "आते भात शिजाडू का भंगार?" त्यावर दाजी फक्त एक दुरुस्ती करायचे. भंगार म्हणू नको, सामान म्हण.

माणूस वाईट नाही, पण गाडीपुढे त्याला प्रसंग दिसत नाही. आमच्या नात्यातले एक गृहस्थ वारले. आम्ही सगळे दारावर भेटायला गेलो. बायका रडत होत्या, पुरुष खाली मान घालून बसले होते. दाजी थोडा वेळ बसले, मग लघवीला म्हणून घरामागे गेले आणि परत आले ते चेहरा उजळून. मयत माणसाच्या थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, मांगे वालना वेलले जे टेकाडेल शे, ते बंपर कोनं?" माझे कान तापले. पण त्या मुलाने रडता रडता मान हलवली, आणि तेराव्याला दाजींनी वेलासाठी नवा लोखंडी मांडव नेऊन उभा केला आणि बंपर घरी आणला. त्या वर्षी वाल भरपूर आले म्हणे.

इथे त्यांचा एक नियम सांगायला हवा. दाजी गाडीचा भाग कधी विकत घेत नाहीत आणि कधी विकत नाहीत. ते साटं करतात. आपल्याकडे साटंलोटं म्हटलं की लग्न आठवतं, आपली मुलगी त्यांच्या घरी, त्यांची आपल्या घरी. दाजींनी तो शब्द आरशांना आणि नळकांड्यांना लावला. "पैसा देईसन लिधं ते दुकान," ते म्हणतात. "साटं कयं ते सोयरीक."

या सोयरिकींचा मेळावा भरतो आमच्या जागेत. नंदुरबारच्या बाहेर आमची मिरचीची पथारी आहे. हंगामात तिथे ओली लाल मिरची वाळत पसरलेली असते, हंगाम संपला की जागा मोकळी होते. पुष्कळ वर्षांपूर्वी दाजी म्हणाले, एक दिवस द्या. मी दिला. मला वाटलं, चार माणसं येतील, चहा पिऊन जातील. तर धुळ्याहून, सेंधव्याहून, पार सुरतेहून माणसं आली. कुणी गॅरेजवाले, कुणी निवृत्त ड्रायव्हर, कुणी दाजींसारखे शेतकरी. मिरचीच्या जागी पोती अंथरली आणि पोत्यांवर आरसे, हेडलाइट, गिअरचे दांडे, दरवाजाची हँडलं ओळीने मांडली. माझ्या स्वच्छ झाडलेल्या जमिनीवर तेलाचे डाग पाहून मला घाम फुटला. पण आमच्या मिरचीने सूड घेतला. जमिनीतून उठणाऱ्या धुरळ्याने सगळा मेळावा दिवसभर शिंकत होता. अजूनही म्हणतात की नंदुरबारच्या साट्यातला भाग ओळखायचा असेल तर नुसता हातात घ्यावा, शिंक आली तर खरा.

मेळाव्यातले दाजींचे जिवलग म्हणजे नवापूरचे मोटाभाई. धान्याचे दुकानदार, बोलणं अर्धं गुजराती, वयाने दाजींपेक्षा मोठे, तशीच पांढरी अँबॅसिडर. दोघांमध्ये एकच ठसठस होती. या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये अर्ध्या चंद्रासारखी एक चकचकीत रिंग असते, ती दाबली की हॉर्न वाजतो. दाजींच्या गाडीची रिंग लिलावाच्या आधीच कुणीतरी काढून नेली होती. तिच्या जागी त्यांनी घराच्या दारावरच्या बेलचं बटण बसवलं होतं. मोटाभाईंच्या गाडीत रिंग होती. दाजी दर वर्षी मागायचे, आणि मोटाभाई दर वर्षी तेच सांगायचे, "बीजू कंई पण मांग, भाई. रिंग नय."

मागच्या हिवाळ्यात मात्र या साट्याने आमची झोप उडवली. दाजी गच्चीवर उभे राहून मोटाभाईंशी फोनवर बोलत होते. कळसाडीत रेंज कमी, त्यामुळे आवाज जास्त. "मन्ही धाकली तुले देस, तुन्ही मोठी माले दे! हा, हा, मन्हीनं तोंड जरासं खरचटेल शे, पन दूरथाइन दिसस नही! साटं पक्कं!" शेजारच्या म्हाताऱ्या जिजी पापड वाळत घालत होत्या. त्यांनी पापड तिथेच टाकले. संध्याकाळपर्यंत भाऊबंद अंगणात जमले होते आणि माझी धाकटी भाची, जी धुळ्याला नोकरी करते, तिचा मला फोन आला होता, "मावशी, माझं लग्न नवापूरला ठरलंय, हे मला आत्ता कळलं. तुला केव्हा कळलं?" मी होते तशी निघाले. पोचले तेव्हा जिजी छाती पिटत होत्या, "शिकेल-सवरेल पोर साटामा देस रे! लाज वाटस नही का तुले?" दाजी भिंतीला टेकून उभे होते. शेवटी ते ओरडले, "जाळी वं जिजी, जाळी! गाडीनी तोंडनी जाळी!" आणि धाकली कोणती, मोठी कोणती ते त्यांनी गाडीपाशी नेऊन समजावलं. मंडळी हसत हसत पांगली. दाजी मात्र जेवले नाहीत. "मी आंडेर, मन्ही पोर, साटामा देसू, असं वाटनंच कसं लोकेस्ले?" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. लोकांना धक्का बसला तो खोटा होता, त्यांना बसला तो खरा.

या वर्षी मेळाव्याच्या आधी ते आमच्याकडे आले आणि चहा न घेता म्हणाले, "आवंदा येक बी मानूस साटं कराले उना नही, ते गाडी फोटोवालाले दी टाकसू." मी कप खाली ठेवला. फोटोवाला म्हणजे नंदुरबारचाच एक स्टुडिओवाला. लग्नाआधीचे फोटो काढायला त्याला जुनी गाडी कायमची हवी होती. इंजिन चाललं नाही तरी चालेल, म्हणाला होता. मी व्यवहार जाणते. गाडीतलं मला एवढंच कळतं की ती किती पोती उचलते, आणि ही एकही धड उचलत नाही. तरीही दाजींच्या तोंडून हे ऐकणं म्हणजे देवळातल्या पुजाऱ्याने मूर्ती भाड्याने देतो म्हणण्यासारखं होतं. पण कारण दिसत होतं. गेली काही वर्षं मेळाव्यातली पोती कमी होत चालली होती. म्हातारे ड्रायव्हर गेले, गॅरेजवाल्यांनी सामान फोनवर विकायला काढलं. दोघांनी समोरासमोर बसून शिंकायची गरज उरली नव्हती.

मेळाव्याच्या दिवशी मी पथारीवर गेले आणि जागच्या जागी थांबले. इतकी गर्दी तिथे कधीच झाली नव्हती. फोटोवाल्याने आपली सगळी गिऱ्हाइकं बोलावली होती. काळे चष्मे, भाड्याचे कोट, हातात हात घातलेली जोडपी. चार-पाच जुन्या गाड्या उभ्या होत्या, त्यांच्या मालकांनी बॉनेट उघडलीच नव्हती, कारण बॉनेटवर मुली बसल्या होत्या. एक मुलगा दाजींना म्हणाला, "काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." दाजी स्वतःच्या गाडीपासून बाजूला झाले. दुसऱ्याने विचारलं, ही चालते का? तिसऱ्याला हायवेवर ढाबा टाकायचा होता. त्याने दाजींच्या एकट्याच्या पोत्यावरचं सगळं सामान पाहिलं आणि खूश झाला. "सगळं घेतो. भिंतीवर ठोकणार. या चाकाच्या झाकणाचं घड्याळ मस्त होईल."

"साटामा काय देशी?" दाजींनी विचारलं.

तो गोंधळला. मग म्हणाला, "तुमचा व्हिडिओ टाकतो ना काका. फुकट जाहिरात."

दाजींनी ते झाकण उचलून पोत्याखाली सरकवलं. दुपार झाली. फोटोवाला गाडीभोवती फिरून कुठला कोपरा चांगला दिसतो ते बघत होता. मी दाजींसाठी डबा आणला होता, तो तसाच पडून राहिला.

तेवढ्यात रिक्षातून मोटाभाई उतरले. रेल्वेने आले होते. हातात कापडी पिशवी, डोळ्यांवर जाड काचांचा नवा चष्मा.

"मोटाभाई, गाडी कोठे शे?"

"गयी," मोटाभाई पोत्यावर बसत म्हणाले. "डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी पट्टी बांधून पडलेलो, ने पोराने भंगारवाल्याला आपी दिली. म्हणे, आता तुम्हाला दिसत नाही, चालवायची कोने? घरी आलो तर आंगणात नुसता तेलाचा डाग." त्यांनी पिशवीत हात घातला. "भंगारवाल्याकडे जाऊन एटलूज काढून आणलं."

ती रिंग होती. दाजींनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"ले ने, भाई. तुझीज आहे."

"फुकट लेत नही," दाजी म्हणाले. त्यांनी पोत्यावरचा कार्बोरेटर पुढे केला. मोटाभाईंनी मान हलवली. आरसा पुढे केला. मागच्या गोंधळात साटं राहून गेलेली ती खरचटलेली जाळी पुढे केली.

"मी शूं करूं याचं? गाडी कुठे आहे मला? मी पण ढाबा टाकू?"

मला त्या दोघांचा संताप आला. एकाला वस्तू द्यायची आहे, दुसऱ्याला ती वर्षानुवर्षे हवी आहे, आणि मधे एक नियम आडवा पडलेला. फोटोवाला आता अगदी जवळ येऊन उभा होता. साटं झालं नाही, हे त्यालाही समजत होतं. "दाजी, घ्या ना मुकाट्याने," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गाडीची किल्ली दाजी करदोट्याला बांधतात. आंघोळीलाही काढत नाहीत. थोरल्या जावयाला त्यांनी गाडीत बसवलं ते आधी पाय झटकायला लावून, आणि ताईने आजवर त्या स्टिअरिंगला फक्त दसऱ्याला हळदकुंकू लावण्यापुरता हात लावला आहे. त्या माणसाने भर मेळाव्यात सदरा वर करून किल्ली सोडवली आणि मोटाभाईंच्या तळहातावर ठेवली. "रिंग मन्ही. गाडी आपली दोन्हीस्नी. जवय मन व्हई तवय चालाव. व्हयनं साटं."

"भाई, मने दिसत नाही."

"माले दिसस ना. मी बाजूले बसस."

बॉनेटवरच्या मुली उतरवल्या गेल्या, गाडी सुरू झाली आणि मोटाभाईंनी ती पथारीभर फिरवली. लोक ओरडत पळत होते आणि पळता पळता शूटिंग घेत होते. दाजी डावीकडून सांगत होते, "जेवना हातले वय. आते डावा. डावा म्हनतस ना भो!" शेवटी गाडी आमच्या रिकाम्या पोत्यांच्या ढिगात शिरून थांबली. इतका धुरळा उडाला की सगळी पथारी एकदम शिंकली. आतून दोन म्हातारे शिंकतही होते आणि हसतही होते. फोटोवाल्याने काच ठोठावून विचारलं, "काका, परत एकदा करता का? माझा फोन उभा होता."

गाडी विकली गेली नाही. मेळावा मात्र आमच्या पथारीवर पुन्हा भरेल असं दिसत नाही. फोटोवाल्याने शहरातल्या एका लॉनवर दिवे, स्टॉल लावून स्वतःचाच शो भरवला. दाजींना मानाने बोलावलं होतं. ते गेले आणि लगेच परतले. "तठे गाड्या बंद शेत," म्हणाले, "ने मानसे चालू शेत."

परवा मला नवापूरला माल पोचवायचा होता, म्हणून त्यांच्याबरोबर गेले. मागच्या सीटवर ताई आणि मी. नवापूरला मोटाभाईंना गाडीत घेतलं. गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर दाजी उतरले, मोटाभाईंना उजवीकडे बसवलं आणि स्वतः डावीकडे येऊन बसले. मोटाभाईंनी रिंग दाबून हॉर्न दिला, माळावर ऐकायला कुणी नव्हतं. गाडी वेगात निघाली. समोर एक बाभळ होती. ताईने मला कोपराने ढोसलं आणि खाली पाहायची खूण केली. दाजींच्या पायाखाली ब्रेक वगैरे काहीच नव्हतं, नुसता पत्रा. पण त्यांचा उजवा पाय त्या पत्र्यावर जीव खाऊन दाबलेला होता, पायाची बोटं पांढरी पडली होती. चेहरा मात्र शांत, जणू बसमध्ये बसले आहेत. गाडी बाभळीला वळसा घालून पुढे गेली, तेव्हा त्यांनी पाय सैल सोडला. "हळू" हा एवढासा शब्दही त्यांनी मोटाभाईंना ऐकवला नाही.