काचेच्या झाकणाची पन्नास घड्याळं

मरोळ गावठाणातला फिलिप परेरा सव्वीस वर्षं एकाच कारखान्यात मनगटी घड्याळं जुळवत होता. डोळ्याला भिंग लावून तो यंत्रातले केसाएवढे स्क्रू बसवायचा. त्याच्या हातचं घड्याळ परत येत नाही, असं मालक देवव्रत शहा बाहेरच्यांना कौतुकानं सांगत.

चार वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. थोडासाच. स्क्रू ड्रायव्हर निसटायचा आणि यंत्रावर बारीक चरा उठायचा. घड्याळाच्या चालीत काही फरक पडत नसे, आणि स्टीलचं झाकण बसलं की चरा दिसतही नसे. फिलिपनं हे बायकोला, कॉन्सेप्टालाही, सांगितलं नव्हतं.

मग डिझाइन बघणाऱ्या रुचिरानं मागचं झाकण काचेचं करायची टूम काढली. आतली चक्रं फिरताना दिसली की गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं, असं तिचं म्हणणं. फिलिप मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नसे, त्या दिवशी बोलला. काचेनं घड्याळ जाड होतं, आपटलं की तडकतं, आणि मनगटाला चिकटलेली बाजू बघणार कोण? मुद्दे खरे होते. रुचिरा हसली, म्हणाली की अंकल जुन्या जमान्यातले आहेत.

नमुन्याची पन्नास घड्याळं फिलिपकडेच आली. नाही कसं म्हणणार? श्वास रोखून, आठ दिवस लावून त्यानं ती जुळवली.

देवव्रतनी ती सगळ्यांदेखत मोठ्या पडद्यावर दाखवली. पडद्यावर एकेक चरा बोटाएवढा जाड दिसत होता. मागे कुणीतरी खुदकन हसलं. देवव्रतनी फिलिपला काहीच विचारलं नाही. सहा वर्षं त्याच्या शेजारी बसून काम शिकलेल्या द्रौपदीला विचारलं.

"हे कुणाचं काम?"

"फिलिप सरांचं."

"हात कधीपासून हलतो त्यांचा?"

"चार वर्षं झाली," द्रौपदी म्हणाली.

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. फिलिप पडद्याकडेच बघत राहिला.

सोमवारी द्रौपदी त्याच्या टेबलाशी बसली आणि देवव्रतनी त्याला खोकी चिकटवायला बसवलं. दोन महिन्यांत त्यानं राजीनामा दिला. निरोपाला देवव्रतनी त्या पन्नासातलंच एक घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. विकण्यासारखी ती नव्हतीच.

कॉन्सेप्टाला ते घड्याळ फार आवडलं. रविवारी मिस्सा झाली की चर्चच्या आवारात ती ते त्याच्या हातातून काढते, उलटं करते आणि ओळखीच्यांना दाखवते. आतलं सगळं यानं हातानं बसवलंय, म्हणते. बायका वाकून बघतात. एकदा पुतण्या मेलरॉयनं मोबाइलच्या कॅमेऱ्यात ते मोठं करून पाहिलं.

"अंकल, हे ओरखडे कसले?"

"नक्षी आहे रे ती," कॉन्सेप्टाच म्हणाली.

फिलिपनं हात पुढे केला आणि तिच्याकडून पट्टा बांधून घेतला. बकल त्याला आता स्वतःला लावता येत नाही.