जमादारांचे अकरावे प्रकरण

आमच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या फ्लॅट स्कीममध्ये तळमजल्यावर राहणारे जमादार कुठल्याही कागदावर वाचल्याशिवाय सही करत नसत. गॅस सिलिंडरची पावती असो, कुरिअरची चिठ्ठी असो, ते चष्मा लावून पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचायला सुरुवात करीत. मागची बारीक छपाईसुद्धा सोडत नसत. मी एकदा घड्याळ लावून पाहिले होते. सिलिंडरच्या पावतीला चार मिनिटे दहा सेकंद लागली.

"काका, करा ना सही, अजून बारा घरं बाकी आहेत," सिलिंडरवाला कळवळून म्हणायचा.

"सही हातानं नाही करा लागत, बाबू. डोयानं करा लागते. थांब, वाचून राहिलो."

जमादार म्हणजे पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. नोकरी तेहतीस वर्षे, त्यातली एकोणीस वर्षे त्यांनी रायटर म्हणून काढली. ठाण्यात साहेबांचे सगळे लिखाण ज्याच्या हातून होते, त्या हवालदाराला रायटर म्हणतात. जबाब, फिर्याद, पंचनामा, सगळे त्याच्या अक्षरात, खाली सही साहेबांची. जमादारांचे अक्षर छापल्यासारखे होते. पत्नी वारलेली, मुलगी लग्न होऊन अमरावतीला. घरात एक टेबल, एक पलंग आणि वह्यांचा गठ्ठा.

मी हिंगण्याच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. यंत्रावरून निघालेला भाग मापात आहे की नाही ते पाहायचे आणि नसेल तर बाजूला ठेवायचे, हे माझे काम. या सवयीमुळे घरातही मला फारसे कोणी विचारत नाही, कारण मी उत्तराला आकडे जोडतो. स्कीमचा सचिव झालो तेव्हा पाण्याच्या टाकीच्या ठरावावर सही घ्यायला जमादारांकडे गेलो. त्यांनी सव्वादोन पाने मोठ्याने वाचली आणि सभेची तारीख चुकल्याचे दाखवले. मी तिथेच बसून दुरुस्ती केली आणि खाली आद्याक्षरे लिहिली. त्यांनी ती आद्याक्षरेही वाचली.

"राग नाही आला तुमाले?"

"चूक होती. राग कशाचा?"

त्या दिवसापासून मी 'मीटरभाऊ' झालो. आठवड्याभरात त्यांनी दोनशे पानी सहा वह्या माझ्या हातात ठेवल्या. "कादंबरी हाये. गुन्ह्याची. चार वर्षं लागले. तुमी फक्त मापं तपासा."

कादंबरीची सगळी भाषा पंचनाम्याची होती. खोलीचे वर्णन आले की पूर्वेस भिंत, पश्चिमेस नाली, दक्षिणेस लिंबाचे झाड. नायिका पहिल्यांदा दारात येते तेव्हा तिची उंची, बांधा, वर्ण आणि ओळखीची खूण याच क्रमाने सांगितली होती. गोष्ट अशी: भिवापूरला मिरचीच्या गोदामात एका मुनिमाचा खून होतो आणि फौजदार बोंद्रे तो शोधून काढतात. हे बोंद्रे हुशार, निर्व्यसनी, गरिबांचे कैवारी. आमच्या सौभाग्यवतींनी दोन वह्या वाचल्या आणि म्हणाल्या, "हा माणूस कधी चिडत नाही, कोणाचा फुकट चहा पीत नाही. मले तं याच्यावरच संशय येऊन राहिला."

मी हे जमादारांना सांगितले नाही. मला सांगायचे होते ते वेगळे होते. अकराव्या प्रकरणात मापात न बसणारी एक गोष्ट मला सापडली होती.

त्या प्रकरणात बोंद्रे साहेब दुसऱ्या एका खटल्यासाठी नागपूरच्या कोर्टात असतात. दुपारी चार वाजता ते रायटरला घेऊन कोर्टातून निघतात. आणि चार वाजून पंचवीस मिनिटांनी भिवापूरच्या गोदामामागे विळा जप्त केल्याचा पंचनामा सुरू होतो. त्या विळ्यावरून गोदामातला एक हमाल पकडला जातो. मी माझ्या मोटारसायकलवर भिवापूरला गेलेलो आहे. मीटरवर त्र्याहत्तर किलोमीटर भरले होते.

"जमादार, पंचवीस मिनिटांत त्र्याहत्तर किलोमीटर म्हणजे ताशी एकशे पंचाहत्तर होतात. तुमच्या खात्याची जीप उमरेडच्या चढावर धापा टाकते. एवढी एक चूक राहिली. चारच्या ऐवजी अडीच करा, जमून जाईल."

मला वाटले ते खूश होतील. ते वही हातात घेऊन बसले. पान उघडले नाही.

"उद्या या," म्हणाले.

उद्या नाही, परवाही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावले. चहा समोर ठेवला आणि उभ्याउभ्याच बोलले, जबाब द्यावा तसे. "ते चूक नाही, मीटरभाऊ. चार आन् चार पंचवीस, तसंच झालं होतं. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बाकावर बसून पंचनामा लिहिला. साहेब सांगत गेले, मी लिहत गेलो. विळा जीपमधे पोत्याखाली होता. संध्याकायी भिवापूरले पोचलो, मंग ठाण्यासमोरच्या चहावाल्याची आन् पानवाल्याची सही घेतली. ते आमचे कायमचे पंच. कागद कोनता, त्याहीनं कधी पाह्यलं नाही. आम्ही पाहू देल्लं नाही."

"आणि तो हमाल?"

"गुलाब. अकरा महिने जेलात होता. मंग चहावाल्यानं कोर्टात शपथेवर सांगून टाकलं का मी टपरीवरच सही केली, तवा सुटला. साहेब वारले. पण अक्षर साहेबाचं नव्हतं ना गा. अक्षर माह्यं होतं. कादंबरीत चारची वेळ काहून लिहिली, मले समजलं नाही. हातानं लिहून टाकली."

सिलिंडरच्या पावतीला चार मिनिटे दहा सेकंद का लागतात, ते मला त्या दिवशी कळले.

मी सरळ बोलणारा माणूस आहे. मी म्हणालो, "मग बोंद्रे चांगले कशाला दाखवले? खरे तेच लिहा."

त्यांनी सहाही वह्या पुन्हा लिहिल्या. सात महिने लागले. नव्या कादंबरीत रायटर आणि फौजदार अशी दोन माणसे उरली नाहीत. बोंद्रे स्वतःच लिहितो, स्वतःच सही करतो, दोष द्यायला त्याला दुसरे कोणी नाही. तो हुशार आहे, धाडसी आहे, खरा खुनीही शेवटी तोच शोधतो, पण आपण आत टाकलेल्या माणसाला बाहेर काढायला तोंड उघडत नाही. फुकटचा चहा पितो. थप्पड मारतो आणि नंतर हात धुतो. पूर्वेस भिंत, पश्चिमेस नाली तशीच राहिली, पण आता ती वाचताना मी मापे तपासायचे विसरून जायचो. सौभाग्यवतींनी दोन दिवसांत सहा वह्या संपवल्या. त्या दिवशी भाजी करपली.

धंतोलीतल्या एका प्रकाशकाने वाचून कळवले की छापतो, पण अकरावे प्रकरण काढा, वाचकाला नायक स्वच्छ लागतो. जमादारांनी उत्तर पाठवले, "अकरावे काढायचे तर बाकीची वीसही काढा." प्रकाशक नमला. पण जमादारांची स्वतःची एक अट होती.

"गुलाबले इचारा लागते. गोष्ट त्याची हाये. थो नाही म्हणला तं सहाच्या सहा वह्या बंबात."

"दुसरी प्रत आहे का?"

"नाही. ठेवलीच नाही."

एका रविवारी सकाळी आम्ही माझ्या मोटारसायकलवर भिवापूरला निघालो. जमादार मागे, वह्या पिशवीत, पिशवी छातीशी. पोचायला दोन तास लागले, कारण ते दर दहा किलोमीटरला म्हणत, "हयू चालवा." त्यांना उशिरा पोचायचे होते, हे मला कळत होते.

गुलाबराव आता बाजारात मिरचीच्या तोलाईचे काम करत होते. अंगणभर लाल मिरची वाळत पडलेली. त्यांच्या पत्नी पाटावर बसून देठ खुडत होत्या. जमादार फाटकातच थांबले.

गुलाबरावांनी त्यांना ओळखले. या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. "काय आणलं? अजून एखादा कागद राह्यला का सहीचा?"

"तुमच्यावर लिहलं हाये. तुमी नाही म्हणसान तं जायून टाकतो."

"माह्यं वाचन कमी. आन् तुमी पोलीसवाले सही घेता, वाचून कोन दाखवते? दाखवा आता. इथं बसून. सारं."

जमादारांनी गुलाबरावांच्या हकिकतीची सगळी एकेचाळीस पाने वाचली. मिरचीच्या ठसक्याने दर पानाला खोकत होते, डोळे पुसत होते. त्यातले मिरचीचे किती, हे मी मोजू शकलो नाही. गुलाबराव खाटेवर बसून ऐकत होते. त्यांच्या पत्नीचे देठ खुडणे चालू होते. बोंद्रे हमालाला जीपमध्ये घालून नेतो, त्या ओळीवर गुलाबरावांनी हात वर केला.

"इथं चुकलं."

जमादार थांबले. मी पेन काढले.

"हे माही बायको पयत आली होती गाडीमागं. भाकरीचं गठोडं घेऊन. तुमी काच वर करून घेतली. थे काहून नाही लिवलं?"

जमादारांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आठवते मले. चार वेळा लिहाले बसलो. लिहिनं नाही झालं."

"मंग आता लिवा."

"भाकरी नोत्या वं बाई, काय बोलता तुमी," इतका वेळ गप्प असलेल्या बाई नवऱ्यावर उखडल्या. "पोया होत्या. तिखट लावलेल्या चार. लिहाचं तं नीट लिवा म्हना त्याहीले."

आपल्याच घाईत त्या नवऱ्याला बाई म्हणून बसल्या होत्या. गुलाबरावांना हसू आले. ते दाबायला गेले आणि त्यांनाही ठसका लागला. बाईंनी उठून पाण्याचा तांब्या आणला. आधी नवऱ्याला दिला, मग जमादारांना.

जमादारांनी तिथेच पाटावर वही ठेवून लिहिले: काच वर केली, गठोडे, चार पोळ्या. लिहून मोठ्याने वाचून दाखवले. बाईंनी मान हलवली.

"बरोबर हाये," गुलाबराव म्हणाले. "छापा. पन असं नाही. पंच लागते का नाही पंचनाम्याले? मी एक पंच. आन् हे गाडीवाले भाऊ दुसरे. तुमी वाचलं ना भाऊ सारं?"

"दोनदा," मी म्हणालो. "शिवाय अंतर मोजले आहे."

शेवटच्या कोऱ्या पानावर जमादारांनी लिहिले, 'वरील सर्व मजकूर पंचांना वाचून दाखवला, तो त्यांनी बरोबर असल्याचे सांगितले.' गुलाबरावांनी तो मजकूर पत्नीकडून पुन्हा एकदा वाचून घेतला आणि सही केली. खाली मी केली. वेळ अकरा वाजून वीस मिनिटे, ती मी घड्याळात पाहून लिहिली. परतीच्या वाटेवर जमादार एकदाही हळू चालवा म्हणाले नाहीत. उमरेडला त्यांनी गाडी थांबवायला लावली, दोन प्लेट तर्री-पोहे सांगितले आणि माझ्या प्लेटमध्येही तर्री वाढवून घेतली.

कादंबरी निघाली. शेवटचे पान प्रकाशकाने हस्ताक्षरात, सह्यांसकट जसेच्या तसे छापले. वकिलांनी वाचली, शिक्षकांनी वाचली, खात्यातल्या जुन्या लोकांनी आधी शिव्या दिल्या आणि मग प्रती मागवल्या. वर्षाच्या आत दुसरी आवृत्ती आली. एक तरुण महिला उपनिरीक्षक जमादारांना भेटायला आली आणि म्हणाली की मी आता पंचांना वाचून दाखवल्याशिवाय पेन देत नाही. त्या दिवशी जमादारांनी स्कीममधल्या सोळाही घरांत पेढे वाटले.

त्यांना जाऊन आता सव्वा वर्ष झाले. झोपेत गेले. टेबलावर नवी वही होती, चौतीस पाने भरलेली. मुलीने ती मला दिली. मापे तपासून झाली आहेत, चूक नाही.

पण जमादार म्हटले की मला आठवतो तो प्रकाशनाचा दिवस. सभागृह भरलेले. व्यासपीठावर प्रमुख पाहुणे म्हणून गुलाबराव, पांढऱ्या शर्टात. कार्यक्रम संपल्यावर लोक प्रती घेऊन सहीसाठी रांगेत उभे राहिले. पहिल्या बाईंनी पुस्तक पुढे केले. जमादारांनी चष्मा लावला, पहिले पान उघडले आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. रांगेत किमान साठ माणसे होती. पुस्तकाची पाने दोनशे बहात्तर. मी मनात हिशेब केला आणि घाबरलो.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून गुलाबरावांनी वाकून पान मिटले.

"करा सही, जमादार. हे आपलं वाचून झालं हाये."

जमादारांनी त्यांच्याकडे पाहिले. "बरोबर हाये ना?"

"बरोबर हाये."

मग त्यांनी साठ सह्या केल्या. एकही न वाचता.