मागचे दोन इंजेक्टर

रविवारी सालिनासला शर्यत, आणि एलादियो मेस्त्रीच्या टोयोटाचे इंधन फवारणारे मागचे दोन इंजेक्टर मुके! विनासायलेन्सर इंजिनांशेजारी उभं राहण्यात तीस वर्षं गेलेला हा माणूस. इंजिनाचा मूळ कॉम्प्युटर काढून त्याने बाहेरचा नवा डबा बसवला होता. लॅपटॉपवरून एकेक इंजेक्टर चालवायचा, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवून मूठ कानाला लावायची आणि चारही टकटकल्याशिवाय चावी फिरवायची नाही, ही त्याची रीत. पुढचे दोन ठणठणीत वाजले. मागच्या दोघांसाठी पलीकडून वाकून डावा कान लावावा लागे. तिथे चिडीचूप.

सकाळपासून त्याने वायरिंग दोनदा उसवलं. करंट पोचत होता, अर्थिंग पक्कं होतं. "डबाच भिकारडा निघाला!" म्हणत त्याने पक्कड भिरकावली.

बायको नेरेइदा कॉफी घेऊन आली. तिने सहज तिसऱ्या इंजेक्टरवर बोट ठेवलं. "अरे, हा तर चालतोय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"बोट ठेवून बघ की!"

त्याने ठेवलं. बोटाखाली टकटक होत होती. मान मुरगाळून त्याने स्क्रू-ड्रायव्हर उजव्या कानाला लावला, तर आवाज स्पष्ट. डाव्याला लावला, तर काही नाही. पुन्हा उजव्याला, पुन्हा डाव्याला.

नेरेइदा वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आली.

"तीन वर्षं मी तुझ्या डाव्या अंगाला झोपतेय," ती म्हणाली. "मला वाटायचं, तू मुद्दामच उत्तर देत नाहीस."